दातांचा भुगा होतोय, दोष खाण्याचा का? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात दाताच्या दवाखान्यात येणारे निम्मे पेशंट निदान घरूनच करून येतात. "कॅल्शियम कमी पडलंय." राहिलेले निम्मे पाण्याला, खताच्या धान्याला नाहीतर बाळंतपणाला दोष देतात. खालचे प्रश्न अशाच बोलण्यातून गोळा केले आहेत. उत्तरं लांबीला सारखी नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

दातांचा नुसता भुगा पडायलाय. खाण्यात काही कमी पडतंय का?

मोठ्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा याचं उत्तर "नाही" असंच असतं. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे आणि शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. ते तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात. त्यामुळे आज प्यालेल्या दुधातलं कॅल्शियम हाडांना मिळतं, आलेल्या दाढेच्या इनॅमलला रक्तातून काही मिळत नाही. शरीराला कॅल्शियम कमी पडलं तरी ते दातातून काढून घेतलं जात नाही.

खाण्याचा दोष असतोच, पण तो अन्न पोटात जाण्याआधी, तोंडात असतानाच घडतो. दातावर जिवाणूंचा चिकट थर असतो. साखर मिळाली की हे जिवाणू काही मिनिटांत ॲसिड तयार करतात. या थरातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. लाळ ते ॲसिड हळूहळू निवळवते आणि खनिज परत भरते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा चहा आला की लाळेचं काम अर्धवट राहतं.

आता "भुगा" कसा होतो ते पाहा. विरघळणं पृष्ठभागाच्या थोडं खाली जास्त होतं. आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो, वरून दात शाबूत वाटतो. आतलं डेंटिन मऊ असतं, तिथे कीड पोचली की ती आडवी पसरते आणि इनॅमल खालून पोकळ होतं. मग एखाद्या दिवशी शेंगदाणा चावताना कडा ढासळते आणि माणूस म्हणतो, "दात अचानक तुटला." तो अचानक तुटत नाही. त्याची तयारी वर्ष-दोन वर्षं आधीपासून चाललेली असते.

मग गोड किती खाल्लं तर चालतं?

"किती" याच्याइतकंच "किती वेळा" विचारा. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४५ पासून काही वर्षं एक प्रयोग झाला. मनोरुग्णालयातल्या लोकांना वेगवेगळ्या प्रकारे गोड दिलं गेलं. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांच्या दातांची मात्र वाट लागली. बोलू न शकणाऱ्या माणसांवर असा प्रयोग करणं लाजिरवाणंच होतं, पण त्यातून निघालेली गोष्ट आजही खरी आहे.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाचं उदाहरण घ्या. झोप येऊ नये म्हणून दर तासा-दीड तासाला अर्धा कप चहा, त्यात दोन चमचे साखर. पाच कपांत जवळपास ४० ते ५० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे दिवसाची २,००० कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. दातांचा हिशोब ग्रॅमात बसत नाही. रात्रभरात दातांनी पाच वेळा ॲसिड सोसलं, आणि झोपेत लाळ कमी सुटते म्हणून सकाळी घरी येऊन न घासता झोपलं की उरलेलं काम तिथे होतं. त्याच माणसाने संक्रांतीला जेवणावर दोन शेंगापोळ्या खाल्ल्या तर मी काही बोलणार नाही. गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर खिशातून तिळगूळ चघळला तर बोलेन.

साखरेऐवजी गूळ चालेल? मध? खडीसाखर?

दाताला सगळं एकच. गूळ चिकट असतो म्हणून उलट जास्त वेळ रेंगाळतो.

कडक भाकरी खाताना दाढेचा तुकडा पडला. म्हातारपण आलं म्हणायचं का?

हा खास सोलापुरी प्रश्न. धडधाकट दाढ कडक भाकरीने तुटत नाही. तुटते ती दाढ आधीच कमजोर झालेली असते: दोन दाढांच्या फटीत न दिसणारी कीड, जुनं मोठं सिमेंट भरलेलं, किंवा रूट कॅनॉल करून कॅप न बसवलेली. हे शेवटचं फार दिसतं. दुखणं थांबलं, पैसे वाचले, कॅप राहून गेली. रूट कॅनॉल करताना दाढेचा बराच भाग कोरला जातो, मग उरलेल्या भिंती चावण्याचा दाब सोसत नाहीत. उभी चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढावीच लागते.

तुकडा पडला तर जीभ सारखी तिथे जाईल, तिचं काही चालत नाही. तुकडा जपून ठेवायची गरज नाही. त्या बाजूने चावू नका, दुखत नसलं तरी आठवड्याच्या आत दाखवा. तोवर भाकरी आमटीत भिजवून खा. तशी ती जास्त चांगलीच लागते, हे माझं खासगी मत.

ज्वारीतलं फायटिक ॲसिड दातातलं कॅल्शियम ओढून घेतं असं मोबाईलवर आलं होतं. भाकरी सोडू का?

नका सोडू. फायटिक ॲसिड धान्यात असतं हे खरं, ते आतड्यात कॅल्शियम, लोह, जस्त यांना धरून ठेवतं हेही खरं. एकाच धान्यावर जगणाऱ्या लहान मुलांच्या वाढीसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. पण हिरडीबाहेर आलेल्या दातातून कॅल्शियम ओढण्याचा रस्ताच शरीरात नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर या जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दही, शेंगा किंवा तिळाची चटणी असली की कमतरता पुष्कळ भरून निघते. भाकरी सोडून मैद्याचा पाव आणि बिस्किटं सुरू करणारे मी पाहिलेत. त्यांचे दात त्यानंतर लवकर गेले. पाव-बिस्किटांचा लगदा दाढेच्या खाचेत चिकटून बसतो, भाकरीला चावावं लागतं आणि चावताना लाळ सुटते.

भाकरीत कचकच लागते, त्याने दात झिजतात का?

झिजतात, हळूहळू. गिरणीचा दगड नुकताच टाकवलेला, म्हणजे टाकी मारून खरखरीत केलेला असेल तर पहिल्या एक-दोन दळणांत दगडाची बारीक खर येते. टाकवलेल्या दिवशी आपलं दळण पहिलं लावू नका, एवढं पुरे.

मुलगी तीन वर्षांची आहे. वरचे पुढचे चारही दात काळे पडून झिजलेत. दूध तर भरपूर पिते.

दूध पिते, पण कशी पिते? रात्री बाटली तोंडात ठेवून झोपत असेल, दुधात साखर किंवा चॉकलेटची पावडर असेल, तर हा नेमका त्याचाच नमुना आहे. बाटलीचं दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकले जातात, म्हणून ते बहुतेक वाचतात. वरचे गेलेले आणि खालचे चांगले असं दिसलं की मी आईला बाटलीबद्दलच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा आजी देतात: "रात्री रडते हो, मग काय करणार?"

बाटली हळूहळू बंद करा. आठवड्याभरात दुधाची साखर कमी करत शून्यावर आणा, नंतर रात्रीच्या बाटलीत फक्त पाणी. दिवसा चहात बुडवलेलं बिस्किट हे मुलाचं खाणं नव्हे. मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दोन वेळा दात घासा, ब्रश मोठ्या माणसाने धरायचा. वयाची तीन वर्षं पूर्ण झाली की पेस्ट वाटाण्याएवढी.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" म्हणून सोडून देऊ नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर मुलाला जेवायचं असतं, आणि त्या लवकर गेल्या तर पक्के दात वेडेवाकडे येतात. अगदी लहान मुलांत, जिथे ड्रिल लावणं अवघड असतं, तिथे चांदी आणि फ्लोराइडचं एक औषध लावून कीड थोपवता येते. त्याने किडलेला भाग काळाकुट्ट होतो. हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरून परत येतात.

मुलगा सात वर्षांचा. नवीन आलेली दाढ उगवतानाच पिवळट आणि ठिसूळ आहे. आम्ही तर गोडही देत नाही.

इथे मी आईवडिलांच्या बाजूने आहे. सहाव्या-सातव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढा, आणि कधी त्यांच्या जोडीने पुढचे दात, काही मुलांत मुळातच कच्च्या खनिजाचे तयार होतात. पांढरे, पिवळे किंवा तपकिरी ठळक डाग, गार पाणी लागलं तरी कळ, आणि चावताना कडा ढासळणं अशी त्यांची ओळख. जगभरात साधारण आठ मुलांमागे एकाला हे असतं. या दाढांचं खनिज जन्माच्या आसपास ते तिसऱ्या वर्षापर्यंत भरतं, त्या काळात झालेली आजारपणं, वरचेवर ताप, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. नेमकं एक कारण सापडलेलं नाही. आज मूल काय खातं याने ते घडलेलं नाही, पण अशा दाढेत कीड भराभर शिरते, म्हणून फ्लोराइडचा लेप, दाढेच्या खाचा बुजवणं, गरज पडल्यास लहान मुलांची स्टीलची कॅप, हे लवकर करून घ्यावं लागतं.

आणखी एक. ही दाढ कोणताही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. घरातले तिला दुधाचीच समजतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

बोअरच्या पाण्याने दात खराब होतात म्हणतात. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मग बोअरचंच प्यावं लागतं.

जड पाणी आणि फ्लोराइडचं पाणी यांत गल्लत होते. हंड्याला पांढरा थर धरणारं जड पाणी दात पोखरत नाही. फ्लोराइड जास्त असेल तर मात्र दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, ते पाणी प्यायलेल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढऱ्या रेघा, मग तपकिरी डाग आणि जास्त प्रमाण असेल तर खड्डे पडतात. मोठेपणी ते पाणी प्यायल्याने आलेल्या दातांवर नवे डाग येत नाहीत. हाडांचा प्रश्न वेगळा, तो कोणत्याही वयात आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांतले काही आजी-आजोबा लहानपणी तेलंगणातल्या नलगोंडा भागात होते. तो भाग फ्लोराइडच्या पाण्यासाठी देशभर ओळखला जातो. त्यांच्या दातांवरचे आडवे तपकिरी पट्टे तिथून आलेले असू शकतात, तंबाखूचेच असतील असं नाही. सोलापुरात जन्मलेल्या त्यांच्या नातवंडांचे दात पाहिले की फरक दिसतो.

फ्लोराइडला रंग, वास, चव काही नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही. भारतीय मानकात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. घरात लहान मूल असेल तर बोअरचं पाणी एकदा सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जास्त निघालं तर आरओने ते कमी होतं, साध्या कँडल फिल्टरने नाही.

दोन बाळंतपणांत दातांतलं सगळं कॅल्शियम बाळांना गेलं. खरं ना?

नाही. सासूबाईंनीही हेच सांगितलं असेल, तरीही नाही. पोटातल्या बाळाला कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडलं तर हाडांतून मिळतं. दातांचं नुकसान दुसरीकडून होतं. सकाळच्या उलट्यांचं ॲसिड, ब्रश तोंडात घातला की मळमळ म्हणून घासणं बंद, थोड्या थोड्या वेळाने काहीतरी तोंडात टाकणं, आणि बाळंतिणीला दिवसभर डिंकाचे लाडू. हिरड्याही या काळात सुजतात, रक्त येतं. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा. दाढ दुखत असेल तर गरोदरपणातही उपचार करता येतात, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू का?

हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या. त्याने पडलेला खड्डा भरणार नाही. लहानपणी डी जीवनसत्त्व फारच कमी असेल तर तयार होणाऱ्या दातांचं इनॅमल कच्चं राहतं, म्हणून गरोदर बाई आणि लहान मूल यांच्याबाबतीत गोष्ट वेगळी. प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दही, नाचणी, तीळ, राजगिरा, हिरव्या भाज्या यांतून ते मिळू शकतं.

मिश्री लावल्याने दात मजबूत होतात, दुखणंही थांबतं.

दुखणं थांबल्यासारखं वाटतं, कारण तंबाखूने बधिरपणा येतो आणि तलफ भागते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत ही सवय सकाळी एकदा म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळांवर जाते. जळकी तंबाखू बोटाने घासल्याने हिरडी खाली सरकते, मुळाचा भाग उघडा पडतो. मुळावर इनॅमल नसतं. तिथे खाच पडते आणि दात हिरडीजवळ कापल्यासारखा मोडतो.

मावा खाणाऱ्यांचं तंत्र वेगळं. कडक सुपारीने दाढा सपाट झिजतात, बारीक चिरा पडतात, गालात गोळी धरलेल्या बाजूच्या हिरड्या जातात. पण दात ही त्यातली किरकोळ गोष्ट. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दातांचं सोडा, आधी तोंड दाखवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

उन्हाळ्यात लिंबू सरबत आणि सोडा घ्यावाच लागतो. त्याचं काय?

चव्वेचाळीस अंशांत सरबत पिऊ नका असं सांगणारा डॉक्टर सोलापूरचा नसावा. प्या, पण एका बैठकीत संपवा. बाटली जवळ ठेवून दुपारभर घोट घोट घेऊ नका, वरून साधं पाणी प्या, आणि लगेच ब्रश करू नका. लिंबाची फोड दातावर घासून दात पांढरे करायचा प्रकार तर पूर्ण बंद. ताकही आंबट असतं, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असल्याने दाताला फारसं बाधत नाही. साखर न घातलेलं ताक हे आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उन्हाळी पेय.

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत झिजली असेल तर मी सरबतापेक्षा पित्ताची चौकशी करतो. रात्री आंबट पाणी वर येत असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडेही जायला हवं.

शुगरची आणि बीपीची औषधं सुरू झाल्यापासून दात पटापट जायला लागले.

तोंड कोरडं पडतं का ते सांगा. रात्री पाण्यासाठी उठावं लागतं का, भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही का? मधुमेहात आणि काही औषधांनी लाळ कमी होते, आणि लाळ गेली की दाताचा रखवालदार गेला. औषध स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिलं त्यांना विचारा. तोंड ओलं ठेवण्यासाठी गोळ्या-चॉकलेट चघळू नका, पाणी प्या. शुगर ताब्यात नसेल तर हिरड्याही सुजतात आणि दात हलू लागतात. हलणारा दात आणि भुगा होणारा दात ही दोन वेगळी दुखणी आहेत, हलणाऱ्याचं मूळ हिरडीत आणि हाडात असतं.

पेस्ट कोणती वापरू?

ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम ते छापलेलं असतं, १,००० च्या आसपासची कोणतीही घ्या. थुंकून टाका, पण खळखळून चुळा भरू नका, थोडी पेस्ट दातांवर राहू द्या. राखुंडी, कोळसा, मीठ, विटेची भुकटी: यातलं काही नको.

इनॅमल परत उगवतं का?

उगवत नाही. खडूसारखा पांढरा डाग असताना, खड्डा पडण्याआधी, फ्लोराइड आणि लाळ त्याला पुन्हा कठीण करू शकतात. खड्डा पडला की तो भरावाच लागतो. तेलाच्या चुळा, अंड्याच्या कवचाची पूड यांनी भरलेला खड्डा मी अजून पाहिलेला नाही.

बाजारात एकाने धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवले. पांढरे किडे मी स्वतः पाहिले.

पाहिलेत ते बियांतले कोंब असतात. भुईरिंगणीसारख्या बिया निखाऱ्यावर टाकल्या की उष्णतेने फुटतात आणि आतला पांढरा वळलेला कोंब बाहेर पडतो. खात्री करायची तर दात नसलेल्या माणसाला किंवा रिकाम्या भांड्याला धुरी द्यायला सांगा, किडे तिथेही पडतील.

वरची दाढ काढली तर नजर कमी होते का?

नाही. दाढेची नस आणि पाहण्याची नस वेगळ्या आहेत. या भीतीने सडलेली दाढ वर्षानुवर्षं ठेवणं मात्र धोक्याचं. तिचा पू गालात, मानेत उतरू शकतो. सूज डोळ्यापर्यंत किंवा गळ्यापर्यंत आली, ताप आला, गिळता येईना, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी सिव्हिल गाठा.